लहान मुलाचे घरच्या घरी शिक्षण: निवांत दिनक्रम बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल पाच ते आठ वर्षांचे आहे आणि त्याला घरीच शिकवायचे ठरले आहे, किंवा तसे ठरवावे का याचा घरात विचार चालू आहे, अशा पालकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. महाराष्ट्रातील मराठी बोलणारे घर डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे दिली आहेत. स्वतःच्या घरातील अनुभवावरून आणि घरी शिकवणाऱ्या इतर कुटुंबांशी झालेल्या बोलण्यावरून आमचे एक मत पक्के झाले आहे. पहिल्या वर्षी अभ्यासक्रमाची निवड दुय्यम असते, दिवसाची घडी बसणे महत्त्वाचे असते, आणि ही घडी घड्याळाच्या काट्यापेक्षा कामांच्या ठरलेल्या क्रमावर अधिक चांगली बसते.

मुलाला शाळेत न घालणे कायद्याला धरून आहे का?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू असून तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न केल्यास पालकांना दंड किंवा शिक्षा करण्याची तरतूद या अधिनियमात नाही. घरी शिकणाऱ्या मुलांचा त्यात वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे त्यांना स्पष्ट मान्यताही नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. ही संदिग्धता पूर्ण समजून घेऊनच निर्णय करावा. ‘सगळे कायदेशीरच आहे’ असे कोणी ठामपणे सांगितले तरी त्यावर विसंबून राहू नये.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका घरी येण्याची शक्यता असते. शाळेपासून वंचित राहिलेली मुले शोधण्याचे अत्यंत गरजेचे काम त्या करत असतात, म्हणून त्यांच्याशी आदराने बोलावे, मूल काय शिकते ते सांगावे आणि मागितल्यास त्याच्या वह्या दाखवाव्यात. मूल सहा वर्षांच्या आतील असेल, तर हा अधिनियम त्याला लागूच होत नाही, आणि घरी शिकवण्याची सुरुवात करण्यासाठी तो काळ सर्वांत मोकळा असतो.

मूल वर्षभर शाळेत जात होते, आता घरी आहे. अभ्यास कधी सुरू करावा?

लगेच करू नये. शाळेची सवय उतरायला वेळ लागतो, आणि ती मुलाइतकीच आईवडिलांचीही उतरावी लागते. काही आठवडे वह्या-पुस्तके बाजूला ठेवून मुलाला खेळू द्यावे, घरातील कामांत घ्यावे, गोष्टी वाचून दाखवाव्यात. या काळात मूल प्रत्येक चित्र घेऊन येते आणि ‘छान आहे ना? स्टार दे’ म्हणते. ‘आज सुट्टी आहे का?’ असे पुन्हा पुन्हा विचारते. काही मुले दिवसभर ‘आता काय करू?’ म्हणून मागे फिरतात. यात काळजी करण्यासारखे काही नाही. चित्राला शाबासकी देण्याऐवजी ‘हा कोण? तो कुठे चालला आहे?’ असे विचारत गेल्यास मूल हळूहळू स्वतःसाठी चित्र काढू लागते, आणि ते तसे काढू लागले की पुढच्या टप्प्याला सुरुवात करण्यास हरकत नाही.

दिवसाचे वेळापत्रक कसे असावे?

तासिका आखून भिंतीवर तक्ता लावण्याचा मोह बहुतेकांना होतो. ‘९ ते ९.४० मराठी, ९.४० ते १०.२० गणित’ असा तक्ता मात्र गॅस सिलिंडर आला, पाहुणे आले किंवा धाकट्याला ताप आला की मोडतो, आणि तो मोडला की ‘आपल्याला हे जमत नाही’ अशी खंत मनात घर करते. त्यापेक्षा दिवसात मुळातच ठरलेल्या ज्या गोष्टी आहेत, त्यांना एकेक काम जोडावे. न्याहारी रोज होते, दुपारचे जेवण रोज होते, दिवेलागण रोज होते, झोपणे रोजचेच असते. न्याहारीनंतर बसून करायचे काम, जेवणानंतर गोष्ट, चारनंतर बाहेर, दिवेलागणीला म्हणणे-गाणे आणि झोपताना पुन्हा वाचन, एवढा क्रम पाळला तरी पुरतो. न्याहारी आठला झाली काय किंवा साडेनऊला झाली काय, त्यानंतर पाटी काढायची हे मुलाला ठाऊक असते.

सकाळी मूल उठते, दात घासून कुंड्यांना पाणी घालते. आई किंवा बाबा पोळ्या करत असताना ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून ते मटार सोलते, दाणे एका वाटीत आणि टरफले दुसऱ्या भांड्यात टाकते. एका शेंगेत सात निघाले, एकीत चारच निघाले, हे त्याचे त्यालाच दिसते आणि ते मोठ्याने सांगते. कणकेचा एक गोळा त्याच्या वाट्याला येतो आणि त्याची पोळी वेडीवाकडी होते, पण ती तव्यावर टाकली जाते आणि त्याच्या ताटात वाढली जाते. मग न्याहारी, त्यानंतर पाटी आणि पुस्तक, त्यानंतर अंगणात, गच्चीवर किंवा जिन्याखाली मोकळा खेळ. या सकाळीत मोजणी, बोटांच्या हालचालींचा सराव, भाषा आणि जबाबदारी या सर्व गोष्टी आल्या, तरी ‘अभ्यास’ म्हणावा असा वेळ फार थोडा गेला.

या विचाराला आपल्याकडे जुना आधार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. शिक्षणाने मुलाच्या दिवसात शिरावे, मुलाच्या दिवसाने शिक्षणासाठी मोडून पडू नये, ही त्यामागची समज घरी शिकवणाऱ्यांना आजही उपयोगी पडते.

आठवड्यालाही एक लय असू द्यावी. आठवडी बाजाराचा दिवस, ग्रंथालयाचा दिवस, आजीकडे जाण्याचा दिवस ठरलेला असला की मुलाला वारांची नावे पाठ करावी लागत नाहीत. पावसाळ्यात बाहेरचा वेळ उघडीप पाहून घ्यावा, उन्हाळ्यात तो सकाळी सातच्या आत किंवा सायंकाळी साडेपाचनंतर घ्यावा. ऋतूनुसार क्रम बदलावा लागला, तर तो मुलाला आधी सांगून बदलावा.

रोज किती वेळ अभ्यास पुरेसा आहे?

आमच्या मते पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी बसून करायचे काम दोन तुकड्यांत मिळून अर्धा ते पाऊण तास, आणि सात-आठ वर्षांच्या मुलासाठी तास-सव्वा तास पुरे. एका मुलाकडे पूर्ण लक्ष असल्यामुळे काम लवकर होते. हजेरी, रांग आणि इतरांची वाट पाहणे यांत वेळ जात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला असून त्यात खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे.

मराठी वाचन-लेखन कसे सुरू करावे?

‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत वर्णमाला आणि त्यानंतर बाराखडी, हा क्रम मोठ्यांना सोयीचा वाटतो. परंतु त्यात वाचनाचा आनंद फार उशिरा मिळतो. त्याऐवजी थोडी अक्षरे घेऊन लगेच शब्द वाचायला द्यावेत. म, क, ल, न, ब ही पाच अक्षरे आणि काना एवढ्यावर काका, मामा, बाबा, नाक, कान, मान, काम, लाल, मका, कमान इतके शब्द होतात आणि ‘काका, मला मका’ हे वाक्यही होते. पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे कापून त्यांवर अक्षरे लिहावीत आणि काना वेगळ्या तुकड्यावर काढावा. ‘मन’ या शब्दात तो तुकडा सरकवून ‘मान’ झाले, तेथून काढून शेवटी ठेवल्यावर ‘मना’ झाले, हे मुलाच्या हातांनी घडते तेव्हा काना म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हा गट पक्का झाल्यावर तीन-चार नवी अक्षरे आणि एक नवे स्वरचिन्ह घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिल्या वर्षी दुरुस्त करत बसू नये. मूल भरपूर वाचू लागले की त्यातील बऱ्याच आपोआप कमी होतात. जोडाक्षरे शेवटी घ्यावीत, आणि त्यांतही सूर्य, चक्र, राष्ट्र आणि पऱ्या यांतील ‘र’ची निरनिराळी रूपे एकदम न शिकवता पुस्तकात येतील तशी दाखवावीत.

लेखनाची घाई त्याहूनही कमी करावी. रांगोळीचे ठिपके जोडणे, धान्य निवडणे, सुईत दोरा ओवून फुलांचा हार करणे आणि पाटीवर मोठ्या रेषा काढणे यांनी बोटांत बळ येते. दुरेघी वही त्यानंतर हाती द्यावी. पेन्सिल घट्ट आवळून धरणाऱ्या मुलाला आणखी पाने लिहायला लावून काही साध्य होत नाही, उलट लिहिण्याचाच कंटाळा पक्का होतो.

या सर्वांपेक्षा मोठे काम रोज मोठ्याने वाचून दाखवण्याचे आहे. मूल स्वतः वाचू लागल्यावरही ते थांबवू नये. घरात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा कोकणी बोलली जात असेल, तर गोष्टी आणि गप्पा त्याच बोलीत होऊ द्याव्यात. प्रमाण मराठी पुस्तकांतून येते. इंग्रजी ऐकण्या-बोलण्यातून आणि गाण्यांतून येत राहिली तरी या वयात पुरे आहे.

गणित कसे शिकवावे?

वस्तू हातात देऊन. चिंचोके, काड्या, बांगड्या, बटणे यांपैकी काहीही चालते. मराठी संख्यांत एक अडचण खरोखरच आहे: ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि लिहिताना आधी दोन लिहावे लागतात, म्हणून बरीच मुले २५ ऐवजी ५२ लिहितात. एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकाचे नाव येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची जोड पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मांडलेला मुद्दा, की लहान मुलाला संख्येचा अर्थ सहज कळावा, आम्हाला पूर्ण पटतो. घरी दोन्ही नावे शेजारी ठेवता येतात. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधावेत. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून ‘वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस’ असे म्हणावे आणि ते लिहावे. काही आठवड्यांत उलटे लिहिणे कमी होऊ लागते.

भाजीवाल्याला सुटे पैसे मोजून देणे, पाव किलो आणि अर्धा किलो हातात उचलून पाहणे, एक भाकरी चौघांत वाटणे हेही गणितच आहे. पाढे जरूर म्हणावेत, आणि तालावर म्हणावेत, मात्र त्याआधी तीन ताटल्यांत चार-चार दाणे ठेवून ‘चार त्रिक बारा’ मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिलेले असावे.

परिसर, इतिहास, विज्ञान यांचे काय करावे?

या वयात ते वेगळे विषय म्हणून शिकवण्याची गरज नाही, कारण वर्षभराचे सण आणि ऋतू ते काम चांगले करतात. दिवाळीचा किल्ला हे आम्हाला सर्वांत समृद्ध उदाहरण वाटते. दगड-विटांचा ढीग रचून त्यावर गोणपाट टाकायचे, चाळलेल्या मातीचा चिखल लिंपायचा, उतार फार उभा झाला की माती घसरते हे पाहून पाया रुंद करायचा, बालेकिल्ला कोठे, दरवाजा कोणत्या बाजूला, पाण्याचे टाके कोठे याची चर्चा करायची. माती ओली असतानाच मोहरी किंवा हळीव पेरले की काही दिवसांत उतार हिरवा होतो, आणि ज्या बाजूला ऊन येत नाही तेथील रोपे लांब व फिकी होतात, हे मूल स्वतः हेरते. किल्ला रायगड असेल, तर १६७४ च्या राज्याभिषेकाची गोष्ट आपोआप निघते. पुढे एखाद्या खऱ्या गडावर गेल्यावर बुरूज आणि तटबंदी यांची ओळख मुलाला आधीच झालेली असते. एवढ्या कामासाठी आठवडा गेला आणि त्या आठवड्यात पाटीला हातही लागला नाही, तरी काही बिघडत नाही. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी पाहावीत; त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही विपुल साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे.

कोणती पुस्तके घ्यावीत?

बालभारतीची पुस्तके स्वस्त आहेत आणि त्यांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांचा उपयोग दिशादर्शक म्हणून करावा. पान क्रमांक १ पासून शेवटपर्यंत जाण्याचे बंधन मानू नये. घरी शिकणारे मूल मराठीत दुसरीचे आणि गणितात पहिलीचे पुस्तक वापरत असेल, तर त्यात वावगे काही नाही. महागडे संच आणि ॲपची वर्गणी पहिल्या वर्षी घेऊ नयेत, कारण पैसे भरले की ते वसूल करण्याचा दबाव मुलावर येतो. १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक मात्र मूल स्वतः वाचू लागले की अवश्य घरी यावे.

मूल ‘मला नाही करायचे’ म्हणाले तर?

आधी कारण शोधावे. भूक, झोप, फार अवघड काम किंवा फार सोपे काम, यांपैकी काहीतरी बहुधा असते. एक दिवस सोडून द्यावा. आठ-दहा दिवस सलग नकार येत असेल, तर पद्धत बदलावी किंवा तो विषय महिनाभर बाजूला ठेवावा. आंघोळ, जेवण, खेळणी आवरणे यांत मात्र अशी सूट देऊ नये. निवांतपणा म्हणजे शिस्तीचा अभाव, असा गैरसमज नव्या पालकांत दिसतो, आणि मग दुपारी बारापर्यंत कोणाचीच आंघोळ न झालेले घर सर्वांनाच थकवते.

आजी-आजोबा आणि नातेवाईक विरोध करतात. त्यांना काय सांगावे?

आजी-आजोबांची काळजी खरी असते. त्यांच्या पिढीतील अनेकांनी मैलोन्‌मैल चालून शाळा गाठली आणि शाळेमुळेच त्यांचे आयुष्य बदलले. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना दिनक्रमात जागा द्यावी. आजोबांनी रोज पाढे म्हणून घ्यावेत, आजीने भोंडल्याची गाणी आणि लाडवाचे प्रमाण शिकवावे. लग्नकार्यात मुलाला चारचौघांत ‘सतरा अधिक आठ किती?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना मात्र हसून, पण स्पष्टपणे थांबवावे. मुलाची परीक्षा घेण्याचा अधिकार त्यांना नाही.

इतर मुलांशी मिसळणे कसे होणार?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या घरांतील मुले एकटी पडतात. सायंकाळी सोसायटीत किंवा वाडीत मुले असतात. सकाळी सर्व शाळेत गेलेली असतात, म्हणून सकाळचा एकटेपणा भरून काढण्याची योजना करावी लागते. जवळपास घरी शिकणारे दुसरे कुटुंब असेल, तर आठवड्यातून एक-दोन सकाळी एकत्र घालवाव्यात. मल्लखांब, तबला, पोहणे, बालनाट्य यांपैकी एकच वर्ग लावावा आणि तो टिकवावा. मे महिन्यात आजोळी मामे-मावस भावंडांत राहणे हे कोणत्याही वर्गापेक्षा अधिक शिकवते. मुलाला मित्रच हवे आहेत आणि ते मिळतच नाहीत, असे दिसल्यास घरी शिकवण्याचा निर्णय फिरवण्याइतके ते कारण मोठे आहे.

आम्ही दोघेही नोकरी करतो. हे शक्य आहे का?

घरात मुलासोबत राहणारे विश्वासू मोठे माणूस असेल आणि आईवडिलांपैकी एकाच्या कामाच्या वेळा लवचीक असतील, तर शक्य आहे. तसे नसेल तर शाळा हाच योग्य मार्ग आहे आणि त्यात काहीही कमीपणा नाही. बहुतेक घरांत या शिक्षणाचा सर्व भार आईवर येतो, हेही येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. वडिलांनी किमान एक बाब पूर्णपणे आपल्याकडे घ्यावी, उदाहरणार्थ रात्रीचे वाचन किंवा रविवारचा संपूर्ण दिवस, आणि ती न सांगता पार पाडावी.

मोबाइल आणि टीव्ही किती वेळ द्यावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास असून त्याहून कमी असल्यास उत्तम. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठीही हीच मर्यादा पाळावी असे आम्ही सुचवू. मूल दिवसभर घरी असल्यामुळे मोबाइलची मागणीही दिवसभर होते. म्हणून ती वेळही क्रमातच बसवावी, शक्यतो दुपारी आणि मोठ्यांच्या सोबत. सकाळी उठल्याबरोबर दिलेला मोबाइल पुढची सकाळ वाया घालवतो.

प्रगतीची नोंद कशी ठेवावी?

एक जाड वही पुरते. दर रविवारी अर्धे पान लिहावे: या आठवड्यात काय वाचले, काय नवे जमले, कोणता प्रश्न विचारला. चित्रे आणि लेखनाचे नमुने तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवावेत. तीन महिन्यांनी मागची पाने उलटल्यावर मूल किती पुढे आले ते दिसते. शेजारच्या मुलाशी तुलना करून ते कधीच दिसत नाही.

पुढे दहावी कशी देता येते?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून कार्यरत असून तिची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. त्यात मराठी माध्यमाचीही सोय आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी यांच्या समकक्ष परीक्षा घेते. मूल कधी शाळेत गेले असेल, तर राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा अर्ज हाही मार्ग असू शकतो, आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. त्यामुळे शाळा सोडताना तो दाखला मागून घ्यावा आणि जन्मदाखला व आधार कार्डासोबत जपून ठेवावा. तिन्ही कागदांवर मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे का, हे आजच तपासावे.

मध्येच पुन्हा शाळेत घालायचे ठरले तर?

घालता येते. सुरुवातीला सांगितलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि इतर मुलांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास कलम १३ मध्ये मनाई आहे. अभ्यासाची अडचण मुलांना सहसा येत नाही. अडते ते वेगळ्याच गोष्टींवर: ठरलेल्या वेळेत डबा संपवणे, परवानगी विचारून लघवीला जाणे, फळ्यावरचे पाहून वहीत उतरवून घेणे, चाळीस जणांच्या आवाजात बाईंचे बोलणे ऐकणे. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून मे महिन्यातच घरी दुपारचे जेवण काही दिवस डब्यातून द्यावे, भिंतीवरच्या फळ्यावर दोन-तीन ओळी लिहून त्या उतरवायला सांगाव्यात आणि शाळा सुरू होण्याआधी एकदा मुलाला घेऊन जाऊन वर्ग, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह दाखवून आणावे.